रोग बियाण्यात की शेतात? बार्शीच्या वाटेवरचा एक प्रश्न

वाचकहो, पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या गाडीने निघालात तर कुर्डुवाडी स्टेशनवर उतरा. तिथून बार्शी पस्तीस-एक किलोमीटर. या वाटेवर पूर्वी अरुंद रुळांची छोटी आगगाडी धावत असे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने ती १८९७ साली सुरू केली. पुढे तिचे रूळ एकीकडे पंढरपूरला आणि दुसरीकडे लातूरला जाऊन भिडले. चालत्या गाडीतून उतरावे, रुळाकडेच्या रानातला हरभऱ्याचा टहाळ उपटावा आणि पळत जाऊन पुन्हा डब्यात चढावे, असे जुनी माणसे गमतीने सांगतात. आता रूळ रुंद झाले. टहाळ खिडकीतूनच बघायचा.

बार्शीला मराठवाड्याचे प्रवेशद्वार म्हणतात. जिल्हा सोलापूर, पण पूर्वेला थोडे गेले की बालाघाटाच्या टेकड्या लागतात आणि मराठवाडा सुरू होतो. कुठे काळी कसदार जमीन, तर कुठे नुसता मुरूम. पाऊस बेभरवशाचा. रब्बीची ज्वारी, तूर, हरभरा ही इथली जुनी पिके. अलीकडे खरिपात सोयाबीनने पाय पसरले आहेत. मार्केट यार्डात तुरीच्या आणि ज्वारीच्या थप्प्या बघाव्यात आणि गावात भगवंताचे दर्शन घ्यावे. अंबरीष राजाच्या रक्षणासाठी विष्णू इथे धावून आला, अशी त्या देवस्थानाची कथा आहे.

बाजार आणि देव, या दोन कारणांनी लोक पूर्वीपासून बार्शीला येतात. गेल्या चाळीस वर्षांत तिसरे कारण त्यात मिळाले आहे. ते म्हणजे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल. १९८२ साली हे रुग्णालय उभे राहिले. ज्यांचे नाव त्याला दिले त्या अभिनेत्री नर्गिस आदल्याच वर्षी कर्करोगाने गेल्या होत्या. मुंबई-पुण्याला असे रुग्णालय असणे वेगळे आणि ज्वारीच्या मुलखात असणे वेगळे. येथे आलेल्या माणसांच्या हातात फडक्यात बांधलेली भाकरी असते, पायाला रानातली माती असते आणि परतीच्या एस. टी.ची वेळ चुकू नये ही काळजी असते.

गावोगाव फिरलेली वही

बाहेरगावच्या माणसाला एक गोष्ट दिसत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. १९८७ साली बार्शीत ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. खेड्यांतल्या कर्करोगाची गावनिहाय नोंद ठेवणारी ही आपल्या देशातली पहिली वही. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतली साडेतीनशेच्या आसपास गावे तिच्यात घेतली होती. मुंबईचे टाटा मेमोरियल सेंटर पाठीशी होते. डॉ. भगवान नेने यांचे नाव या कामाशी सुरुवातीपासून जोडलेले आहे.

शहरात रोगी दवाखान्यात येतो आणि त्याची नोंद होते. खेड्यात रोगी येतच नाही. बाई अंगावर काढते आणि एक दिवस जाते. घरची माणसे म्हणतात, "वाळत गेली, दृष्ट लागली." म्हणून नोंदणीचे कार्यकर्तेच गावोगाव फिरले. चावडीत, शाळेत, देवळापुढे माणसे जमवून त्यांनी लक्षणे समजावून सांगितली. ज्यांना त्रास होता त्यांना दवाखान्याची वाट दाखवली.

या वहीतून पहिली गोष्ट कळली ती ही, की या मुलखातल्या बायकांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग म्हणजे गर्भाशयाच्या मुखाचा, आपल्या भाषेत गर्भपिशवीच्या तोंडाचा. दुसरी गोष्ट मोठी समाधानाची. नुसते समजावून सांगितल्यानेच काही वर्षांत बायका लवकर येऊ लागल्या. रोग हाताबाहेर जाण्याआधी येणाऱ्यांचा वाटा वाढला. औषध तेच होते, वेळ तेवढी बदलली.

मोडलेले स्थळ

आमच्या बचत गटाच्या भगिनींना डाळ मिल दाखवायला मी बार्शीला नेले होते, तेव्हा रुग्णालयावरून जाताना गाडीत एक विषय निघाला. गावाचे नाव सांगत नाही. एका घरातली आई या रोगाने गेली. दोन वर्षांनी थोरल्या लेकीला स्थळ आले. पसंती झाली, बैठकीची तारीख धरली आणि मग मुलाकडच्यांनी मुलीचा रक्तगट विचारला. कुठून तरी त्यांच्या कानावर आले होते, की अमुक रक्तगटाच्या बाईला हा रोग होतो. गट तोच निघाला. स्थळ मोडले.

"आईला झालंय म्हंजे लेकीच्या रगतात असणारच की, सायेब," एक मावशी म्हणाल्या. गाडीत कुणीच त्यांना खोडून काढले नाही. ती मुलगी मागच्या बाकावर बसली होती.

मी शेतीचा माणूस, डॉक्टर नव्हे. पण हा प्रश्न आम्हा शेतकी खात्यातल्यांना अगदी ओळखीचा आहे. पिकावर रोग दिसला की पहिला प्रश्न हाच असतो, तो बियाण्यातून आला की शेतात आला? ज्वारीची दाणे काणी बियाण्यावरून येते, म्हणून पेरणीआधी बियाण्याला गंधक चोळतो. तुरीचा वांझ रोग मात्र बियाण्यातून येत नाही. तो विषाणूचा रोग आहे आणि एक सूक्ष्म कोळी तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. रोगट झाडाचे बी म्हणून त्याला दोष देऊन उपयोग नसतो. मग गर्भाशयमुखाचा कर्करोग कशातला? काणीसारखा, की वांझ रोगासारखा?

रक्तगटाचे खरे-खोटे

रक्ताचे गट कार्ल लँडस्टायनर या शास्त्रज्ञाने १९०१ साली जगापुढे मांडले. त्यानंतर प्रत्येक रोगाशी त्यांचे नाते शोधण्याची खटपट सुरू झाली. १९५३ साली इंग्लंडात दिसून आले, की जठराचा कर्करोग ए गटाच्या माणसांत इतरांपेक्षा थोडा जास्त आढळतो. त्यातून इतर कर्करोगांबद्दलही अभ्यास झाले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात एका ठिकाणी एका गटाचा वाटा थोडा अधिक दिसला, दुसऱ्या ठिकाणी दुसऱ्याचा, तर काही ठिकाणी काहीच फरक दिसला नाही. यात आणखी एक मेख आहे. आपल्याकडे ओ आणि बी गटाची माणसे मुळातच जास्त. मग रोग्यांतही तेच गट जास्त दिसणार. बाजारात मालदांडीची पोती जास्त आली म्हणजे मालदांडीलाच कीड लागते असे होत नाही.

एखाद्या गटाचा फरक असलाच तर तो वाणांच्या प्रतिकारशक्तीतल्या थोड्याशा कमी-जास्तीसारखा. सख्ख्या नात्यात हा रोग इतरांपेक्षा काहीसा जास्त आढळतो, हेही खरे. पण रोगाचे जंतू शेतात आलेच नाहीत तर कमी प्रतिकाराचा वाणसुद्धा निरोगी राहतो. रक्तगट बघून कोणताही जाणता डॉक्टर या रोगाचे भाकीत करत नाही. आणि सोयरिक तर त्यावरून मुळीच मोडू नये.

गुणसूत्रांचा पसारा

"मग पेशीतच काहीतरी बिघडते म्हणतात ते?" हा पुढचा प्रश्न. ते मात्र खरे आहे.

प्रत्येक जिवंत पेशीत गुणसूत्रे असतात. ज्वारीत २०, तुरीत २२, हरभऱ्यात १६, गव्हात ४२. देशी कापसात २६, तर अमेरिकन कापसात त्याच्या दुप्पट, ५२. माणसात ४६, हा आकडा १९५६ साली पक्का झाला. पेशी दुभंगते तेव्हा या गुणसूत्रांची सारखी वाटणी व्हावी लागते. कर्करोगाच्या पेशीत ही वाटणी बिघडलेली असते. थिओडोर बोव्हेरी या जर्मन शास्त्रज्ञाने असा अंदाज १९१४ सालीच मांडला होता. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात तर तिसऱ्या गुणसूत्राचा एक तुकडा वारंवार जादा झालेला आढळतो.

पण हा बिघाड मुळात कोण करतो? जर्मनीचेच हॅराल्ड त्सुर हाउसेन यांनी याचे उत्तर शोधले आणि २००८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. एच.पी.व्ही. नावाचा विषाणू हा तो गुन्हेगार. त्याचे पुष्कळ प्रकार आहेत. त्यातले १६ आणि १८ क्रमांकाचे सर्वांत घातक. पेशीत दोन राखणदार असतात. वाटणी चुकली की ते काम थांबवतात. हा विषाणू आधी त्या राखणदारांनाच निकामी करतो. मग गुणसूत्रे तुटली, वाढली तरी पेशी दुभंगतच राहते.

अमेरिकेतल्या तंबाखू पिकवणाऱ्या घरातल्या हेन्रिएटा लॅक्स या बाई १९५१ साली याच रोगाने गेल्या. त्यांच्या गाठीतल्या पेशी त्यांना न विचारता प्रयोगशाळेत वाढवल्या गेल्या आणि आजही जगभर वाढताहेत. त्या पेशींत ४६ च्या जागी ७६ ते ८० गुणसूत्रे आहेत आणि त्यांतच १८ क्रमांकाच्या विषाणूचे तुकडे रुतलेले सापडले. म्हणजे चोर आणि मोडलेले कुलूप एकाच ठिकाणी मिळाले.

आता त्या मुलीसाठी महत्त्वाची गोष्ट. हा बिघाड रोग झालेल्या जागेच्या पेशींत होतो. तो लेकीकडे जात नाही. लेक जन्मते ती आईच्या निरोगी बीजातून. काही संशोधकांनी रोगी बायकांच्या रक्तातही तुटकी गुणसूत्रे मोजली आणि ती जास्त असल्याचे सांगितले. पण त्यावरून उद्या कुणाला रोग होईल हे ठरवता येत नाही. तेव्हा हा रोग काणीसारखा बियाण्यातला नव्हे. तो वांझ रोगासारखा बाहेरून येणारा आहे.

विषाणू येतो कुठून, हेही स्पष्ट बोलू. तो शरीरसंबंधातून येतो. पुरुषाला बहुधा कोणतेच लक्षण दिसत नाही, तरी तो वाहक असतो. संसार करणाऱ्या बहुतेक बायका-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी तो शिवून जातो आणि एक-दोन वर्षांत शरीर त्याला हुसकावून लावते. म्हणून कुणाच्या वागण्यावर बोट ठेवायचे कारण नाही. थोड्या बायकांत मात्र तो ठाण मांडतो. फार लहान वयात लग्न, बरीच बाळंतपणे, धूम्रपान आणि एच.आय.व्ही.ने खचलेली ताकद यांनी त्याला बळ मिळते. त्यापुढेही कर्करोग व्हायला बहुधा दहा-पंधरा वर्षे लागतात. हीच ती सवड. तणाला बी धरण्याआधी खुरपणी केली की रान वाचते, तसे हे आहे.

बावन्न वाफे

बार्शीहून पूर्वेला निघा. येडशीजवळ रामलिंगाची झाडी लागते, घाट चढतो आणि आपण धाराशिव जिल्ह्यात येतो. २०२३ पर्यंत याचे नाव उस्मानाबाद होते. तुळजाभवानी याच जिल्ह्यातली. नवरात्रात पायी जाणाऱ्या बायकांनी हे रस्ते फुलून जातात. याच खेड्यांत, १९९९ सालापासून, बार्शीचे रुग्णालय, टाटा मेमोरियल सेंटर आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून एक प्रयोग केला. साऱ्या जगाने पुढे त्याची दखल घेतली.

पीक-प्रात्यक्षिक तुम्ही पाहिले असेल. रानाचे वाफे पाडायचे, चिठ्ठ्या टाकून कोणत्या वाफ्याला कोणते खत ते ठरवायचे आणि काही वाफे तुलनेसाठी तसेच ठेवायचे. इथे गावांचे ५२ समूह पाडले आणि तेरा-तेराचे चार गट केले. एकूण १,३१,७४६ बायका, वय ३० ते ५९. एका गटाला विषाणूची चाचणी. दुसऱ्याला काचपट्टीवर पेशी तपासण्याची, म्हणजे पॅप चाचणी. तिसऱ्याला सिरक्यासारखे सौम्य आम्ल लावून पांढरे डाग पाहण्याची चाचणी. ती शिकवून तयार केलेल्या परिचारिका करत. चौथा गट तुलनेचा. प्रत्येक चाचणी एकदाच. दोष आढळला तर उपचार.

आठ वर्षे लक्ष ठेवले. निकाल २००९ साली प्रसिद्ध झाला. तुलनेच्या गटातल्या ३१,४८८ बायकांपैकी ६४ जणी या रोगाने गेल्या. विषाणूची चाचणी मिळालेल्या गटात ३४,१२६ बायका होत्या, म्हणजे संख्या जास्त. तरी ३४ गेल्या. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने मरणे जवळजवळ निम्म्यावर आली. ज्यांच्या अंगात विषाणू सापडला नाही त्यांना पुढे रोग होण्याचे प्रमाण, बाकीच्या दोन चाचण्यांत निर्दोष ठरलेल्या बायकांच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी निघाले. या प्रयोगात त्या दोन चाचण्यांनी मरणे म्हणावी तशी कमी केली नाहीत. पण आम्ल लावून पाहण्याची चाचणी ठराविक काळाने पुन्हा पुन्हा केली तर लाभ होतो, हे मुंबईच्या वस्त्यांतल्या दुसऱ्या प्रयोगाने २०१४ साली दाखवले.

आता एक कटू गोष्ट. प्रात्यक्षिकात तुलनेचा वाफा वाळला तर दोन पोती ज्वारी जाते. इथे त्या वाफ्यात ६४ बायका गेल्या. यावर पुढे कडक टीका झाली, की तपासणीचा उपयोग ठाऊक असताना इतक्या बायका तशाच का ठेवल्या आणि त्यांना नीट समजावले होते का? संशोधकांचे म्हणणे असे, की त्या काळी देशात अशी नियमित तपासणी कुठेच नव्हती. त्यांना नेहमीचे उपचार खुले होते. निवाडा जाणकारांनी करावा. आपल्यापुरते एवढे समजते, की हे उत्तर आपल्याच आयाबहिणींच्या जिवावर मिळाले आहे. ते वहीत पडून राहिले तर त्यांचे ऋण आपल्यावर राहील.

बार्शीची दुसरी देणगी

या रोगावर लसही आहे. २००९ साली देशातल्या काही ठिकाणी लसीचा अभ्यास सुरू झाला. त्यात बार्शीही होती. मुलींना तीन किंवा दोन डोस द्यायचे ठरले होते. २०१० साली दुसऱ्याच एका प्रकल्पावरून वाद उठला आणि सरकारने सगळीकडची लस थांबवली. त्यामुळे हजारो मुलींना एकच डोस मिळाला. संशोधकांनी त्यांची पाहणी सोडली नाही आणि दहा वर्षांनी दिसले, की एका डोसनेही १६ आणि १८ या प्रकारांना उत्तम अटकाव होतो. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसलाही मान्यता दिली, त्यामागे हाही पुरावा होता. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची भारतीय लसही २०२३ साली आली. लसीचे योग्य वय ९ ते १४. ती बीजप्रक्रियेसारखी आहे, पेरणीआधी करायची. आधीच आलेला रोग तिने बरा होत नाही, म्हणून लस घेतली तरी पुढे तपासणी हवीच.

भगिनींनो, एवढे करा

देशात २०२२ साली सुमारे सव्वा लाख बायकांना हा रोग झाल्याचा आणि सुमारे ८० हजार दगावल्याचा अंदाज आहे. यातल्या पुष्कळ जणी वाचू शकल्या असत्या.

तिशी उलटली की काही त्रास नसला तरी एकदा तपासणी करून घ्या. आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. आम्ल लावून पाहण्याची तपासणी दर पाच वर्षांनी करण्याचे सरकारी धोरण आहे. विषाणूची चाचणी मिळाली तर अधिक चांगले. मऊ ब्रशने नमुना घेतात. फार वेळ लागत नाही. रोगाआधीचा डाग सापडला तर ती जागा गोठवून किंवा शेकून टाकतात आणि बाई बहुधा त्याच दिवशी घरी जाते.

पाळी नसताना रक्त जाणे, संबंधानंतर रक्त जाणे, पाळी कायमची थांबल्यावर पुन्हा लाल दिसणे, अंगावरून घाण वासाचे पाणी जाणे, ओटीपोट व कंबर सतत दुखणे, यांपैकी काही असेल तर सुगी संपायची वाट पाहू नका. उपचाराच्या खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा.

आणि बंधूंनो, तुमच्यासाठी. गाय माजावर आली नाही तर आपण दुसऱ्या दिवशी डॉक्टर बोलावतो. घरधनीण दोन वर्षे अंगावर काढते आणि आपल्याला पत्ता नसतो. तालुक्याला बी-बियाणे आणायला जाल तेव्हा तिलाही बरोबर घ्या. ज्या घरात हा रोग झाला त्या घराशी सोयरिक मोडू नका. त्या घरच्या लेकी-सुनांना तपासणीला पाठवा. मुलीकडे रक्तगटाचा कागद मागणाऱ्याला सरळ सांगा, की हा रोग बियाण्यातला नव्हे, शेतात येणारा आहे, आणि वेळेवर खुरपले तर जाणाराही आहे.